बाळंतपणानंतरचं दुखणं: पहिल्या रात्रीपासून सव्वा महिन्यापर्यंत

पहिल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी संडासाच्या दारात उभी राहून रडत होते. शी लागली होती आणि बसायची हिंमत होत नव्हती. जोर लावला तर टाके उसवतील, एवढी एकच भीती डोक्यात होती. बाहेर आई बाळाला घेऊन येरझाऱ्या घालत होती, तिला हाक मारायलाही लाज वाटली. दवाखान्यातून निघताना बाळाच्या लसींचं कार्ड मिळालं होतं, दूध कसं पाजायचं ते सिस्टरांनी नीट दाखवलं होतं. पण माझ्या टाक्यांची काळजी कशी घ्यायची, कसं बसायचं, किती दिवस दुखणार, यावर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

टाके तसे उसवत नाहीत. हे मला त्या सकाळी कुणी सांगितलं असतं तर पुढचे चार दिवस मी अर्धपोटी राहिले नसते. कमी खाल्लं की शी कमी होईल, असा हिशेब केला होता मी.

माझं पहिलं बाळंतपण नॉर्मल, टाके घालून झालेलं, दुसरं सिझर. मी डॉक्टर नाही. दोन्ही वेळा सिस्टर, डॉक्टर आणि नंतर फिजिओथेरपिस्टकडून जे शिकले, पडताळून पाहिलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. पहिलटकरीण असाल तर सातव्या-आठव्या महिन्यातच वाचून ठेवा. बाळ झाल्यावर एवढं वाचायला सवड मिळत नाही.

आधी शरीरात काय चाललंय ते

बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय साधारण एक किलोचं असतं आणि बेंबीच्या आसपास हाताला लागतं, नारळासारखं घट्ट. मग रोज जवळजवळ एक बोट खाली उतरतं. दहा ते चौदा दिवसांत ते वरून हाताला लागेनासं होतं आणि सहा आठवड्यांत जवळपास पहिल्या आकाराला येतं. वार जिथे चिकटलेली होती तिथे आत तळहाताएवढी जखम असते. ती कुणाला दिसत नाही, म्हणून बाळंतीण चालायला लागली की घरच्यांना वाटतं, झाली बरी. अंगावरून जातं ते त्या जखमेचं. आपल्याकडचा सव्वा महिना आणि दवाखान्यातले बेचाळीस दिवस जवळजवळ सारखेच आहेत, त्याचं कारण हेच.

अंगावरून जाण्याचा क्रमही ठाऊक असू द्या. पहिले तीन-चार दिवस लालभडक, पाळीपेक्षा जास्त. मग गुलाबी-तपकिरी. दहा-बारा दिवसांनंतर पिवळसर-पांढरट, ते चार ते सहा आठवडे थोडं थोडं चालतं. रात्रभर आडवं राहून सकाळी उठलं की एकदम भळकन जातं, कधी लहान गाठीही पडतात. झोपेत साठलेलं ते बाहेर येतं. मात्र एकदा फिकट झालेलं पुन्हा लाल आणि जास्त व्हायला लागलं, तर बहुतेक वेळा तुम्ही गेल्या दोन दिवसांत फार काम केलेलं असतं. त्या दिवशी आडव्या व्हा. तरी कमी झालं नाही तर दवाखान्यात फोन करा. आणि या काळात पॅडच वापरा, आत ठेवायचा कप किंवा टॅम्पॉन नको.

पायरी १: पहिले चोवीस तास

पहिलं काम लघवीचं. सहा तासांच्या आत लघवी झाली पाहिजे. खाली संवेदना नसते, सुजलेलं असतं, त्यामुळे लागलेली कळत नाही. मूत्राशय भरलेलं राहिलं तर ते गर्भाशयाला आकसू देत नाही आणि रक्तस्राव वाढतो. होत नसेल तर नळ सोडून त्याचा आवाज ऐका, कोमट पाण्याची धार सोडत करा. तरी नाहीच झाली तर सिस्टरांना सांगा. हे लाजायचं ठिकाण नाही.

पहिल्यांदा उठताना एकटीने उठू नका. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसा, मग कुणाचा तरी हात धरून उभ्या राहा. बाथरूमची कडी लावू नका. चक्कर येऊन पडलेल्या बायका कडी लावलेल्या दाराआड अडकतात.

खाली सूज असेल तर बर्फ. पहिल्या दिवसात याच्याइतका आराम दुसऱ्या कशाने पडत नाही. स्वच्छ पिशवीतला बर्फ मऊ सुती कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरायचा, मग काढायचा, तासा-दोन तासांनी पुन्हा. थेट कातडीवर लावायचा नाही. बर्फ म्हटल्यावर घरातल्या मोठ्या बाया दचकतात, वात धरेल म्हणतात. बाहेरून सुजेवर लावलेल्या बर्फाने असं काही होत नाही. आईंना, सासूबाईंना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. आपल्या बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग होतो.

दुखण्याच्या गोळीचंही तसंच. अंगावर पाजताना पॅरासिटामॉल चालते, डॉक्टर बहुधा ती किंवा आयब्युप्रोफेन लिहून देतात. सांगितलेल्या वेळेला घ्या. दुखणं अगदी सोसवेनासं होईपर्यंत थांबलात तर एका गोळीने भागत नाही. आणि घरात पडलेली दुसरी कुठलीही गोळी, विशेषतः ॲस्पिरिन किंवा कोडीन असलेली, मनाने घेऊ नका.

पायरी २: टाके

नॉर्मलचे टाके बहुतेक विरघळणारे असतात. दोन-तीन आठवड्यांत कातडी जुळते. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात जास्त ओढ लागते, कारण सूज उतरत असते आणि दोरा ताणतो. मग खाज सुटते. ती बरं होत असल्याची खूण. पॅडवर दोऱ्याचा बारीक तुकडा दिसला तर घाबरू नका, विरघळून पडलेला टाकाच तो.

रोजचं काम असं. लघवीला बसताना शेजारी कोमट पाण्याचा मग ठेवा आणि लघवी करतानाच वरून धार सोडा, म्हणजे चुरचुरत नाही. संडासातल्या जेटचा जोर टाक्यांवर घेऊ नका. पुसताना पुढून मागे, आणि पुसायचं म्हणजे घासायचं नाही, मऊ कापडाने टिपायचं. पॅड भरो न भरो, तीन-चार तासांनी बदला. बदलण्याआधी आणि नंतर हात साबणाने धुवा. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाईस या डॉक्टरने हात धुण्याची सक्ती केली आणि बाळंतज्वराने मरणाऱ्या बायकांची संख्या झपाट्याने खाली आली. एवढ्या साध्या गोष्टीने.

दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात बसणं. मेडिकलमध्ये कमोडवर बसणारा प्लॅस्टिकचा टब मिळतो. नसेल तर नवं किंवा स्वच्छ घासलेलं, रुंद घमेलं चालतं, फक्त ते या कामाशिवाय दुसऱ्या कशाला वापरू नका. पाणी चार-पाच बोटं उंच. कोपर बुडवून बघा. बाळाच्या अंघोळीला चालेल तेवढंच कोमट हवं. दहा ते पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, त्यातलं एकदा शी झाल्यावर. त्यात जंतुनाशकाचं झाकणभर औषध ओतायची आपल्याकडे सवय आहे. नका ओतू, नाजूक कातडी त्याने भाजते. मिठाचीही गरज नाही. उठल्यावर टिपून कोरडं करा, पाच मिनिटं पॅड न लावता पंख्याखाली आडव्या राहा. माझी आई दार लोटून बाहेर बसायची आणि कुणाला आत सोडायची नाही. त्या पाच मिनिटांचा मला फार आधार होता.

बसताना दोन्ही कुल्ले जवळ आवळून धरा, टेकल्यावर सैल सोडा. मध्ये भोक असलेली उशी थोडा वेळ बरी वाटते, पण तासन्‌तास वापरली तर सूज वाढते. सपाट, जराशी घट्ट गादी चांगली. कुशीवर झोपून पाजायला शिका, म्हणजे टाक्यांवर वजनच येत नाही.

फाटणं जर मागे गुदद्वारापर्यंत गेलेलं असेल तर डॉक्टर तसं कागदावर लिहितात. विचारून घ्या. त्यानंतर गॅस किंवा शी आवरत नसेल, चड्डीला लागत असेल, तर कृपा करून लपवू नका. त्यावर व्यायाम आहेत, उपचार आहेत, आणि जितक्या लवकर सांगाल तितकं बरं होणं सोपं.

पायरी ३: ती पहिली शी

बाळंतपणानंतर दोन-तीन दिवस शी न होणं साधारण आहे. आतडी मंदावलेली असतात, पोट आधीच रिकामं झालेलं असतं. लागली की थोपवायची नाही, कारण थांबलेली शी आणखी कडक होते आणि तिथूनच मूळव्याधीचा त्रास सुरू होतो.

पायखाना देशी असेल तर पहिले दहा-बारा दिवस उकिडवं बसणं जड जातं. मेडिकलमध्ये मिळणारी कमोड खुर्ची आणून ठेवा, नॉर्मल असो की सिझर, तिचा उपयोग होतोच. कमोडवर बसताना पायाखाली छोटा पाट घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात. स्वच्छ पॅड हातात घेऊन टाक्यांवर समोरून हलकेच दाबून धरा. पुढे झुका, तोंड उघडं ठेवून श्वास सोडा, श्वास कोंडून कुंथू नका. टाक्यांना हाताचा आधार मिळाला की अर्धी भीती जाते. मला हे दवाखान्यातून घरी आल्यावर पाचव्या दिवशी एका सिस्टरांनी फोनवर सांगितलं आणि त्याच संध्याकाळी काम झालं.

तरी शी कडक असेल तर डॉक्टरांना विचारून इसबगोल किंवा लॅक्टुलोज घ्या. एरंडेल मनाने घेऊ नका.

पायरी ४: सिझर असेल तर

सिझर म्हणजे सोपी सुटका, असं अजूनही म्हणतात. पोट आणि गर्भाशय थराथराने उघडून पुन्हा शिवलेलं असतं. त्यात झोप नाही आणि कुशीत बाळ.

उठण्याची रीत शिकून घ्या, बाकी निम्मं त्यावर आहे. उताण्या असताना सरळ उठायचं नाही. आधी दोन्ही गुडघे वाकवा. मग खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर या. पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी खालच्या हाताचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा गादीवर रेटून अंग वर उचला. पोटाने काहीच करायचं नाही. झोपतानाही हेच, उलट्या क्रमाने. खोकला, शिंक, हसू आलं की उशी पोटाशी घट्ट धरायची. माझ्या उशाला बाळाच्या दुपट्याची घडी कायम असायची, तेवढ्यासाठी.

साधारण पहिल्याच दिवशी सिस्टर उठवून चालवतात तेव्हा त्यांचा राग येतो. पण बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका एरवीपेक्षा पुष्कळ जास्त असतो, सिझरनंतर आणखी. चालल्याने तो कमी होतो, पोटातला वायूही सरकतो. खांद्यात टोचल्यासारखं दुखतं तेही बऱ्याचदा पोटातल्या वायूमुळेच, दोन-तीन दिवसांत जातं. पलंगावर असतानाही घोटे वर-खाली हलवत राहा.

जखम कोरडी ठेवा. पोट सुटलेलं असतं, घडीखाली घाम साचतो. अंघोळीनंतर टिपून घ्या, उंच कमरेची सुती चड्डी घाला म्हणजे इलॅस्टिक जखमेवर येत नाही. बाळापेक्षा जड काही सहा आठवडे उचलायचं नाही, आणि त्यात पाण्याची बादली, गॅसची टाकी, घरातलं मोठं मूल, सगळं आलं. माझी मुलगी चार वर्षांची होती, कडेवर घे म्हणून रडायची. मी खाली बसून तिला मांडीशी घ्यायचे. तिला कळायला तीन दिवस लागले, पण कळलं.

जखमेभोवतीची कातडी काही महिने बधिर राहते. तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. भाजलेलं कळत नाही.

मणक्यात सुई दिली असेल आणि नंतरच्या चार-पाच दिवसांत बसलं की डोकं फुटेल असं दुखत असेल, आडवं झालं की थांबत असेल, तर ते सुईमुळे असू शकतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना कळवा, त्यावर उपाय असतो. वर्षानुवर्षं राहणाऱ्या कंबरदुखीचं खापर मात्र त्या सुईवर फोडलं जातं ते चूक. कंबर दुखते ती वाकून पाजण्याने, वाकून लंगोट बदलण्याने आणि सैल पडलेल्या पोटाने.

पायरी ५: पाजताना येणाऱ्या कळा आणि भरलेली छाती

बाळाने ओढायला सुरुवात केली की ओटीपोटात कळ येते. पाजताना ऑक्सिटोसिन नावाचं जे संप्रेरक सुटतं तेच गर्भाशयाला आकसवतं, म्हणून. पहिल्या वेळेला या कळा जेमतेम जाणवतात, दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला चांगल्याच लागतात. दुसऱ्या खेपेला मी ओठ दाबून पाजायचे. दोन-तीन दिवसांत थांबतात. पाजण्याआधी लघवी करून या, आणि गोळी चालू असेल तर तिची वेळ पाजण्याच्या अर्धा तास आधी येईल अशी जुळवा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं तेव्हा छाती दगडासारखी होते, काखेपर्यंत ठणकते, अंगात कसकस वाटते. यावर पाजत राहणं हाच उपाय, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा. छाती इतकी ताठ असेल की बाळाला तोंडात धरता येत नाही, तर आधी दोन मिनिटं कोमट फडकं ठेवा, हाताने थोडं दूध काढून काळा भाग मऊ करा, मग लावा. पाजून झाल्यावर थंड ओलं फडकं. बोंड चिरत असेल तर बाळ फक्त बोंड ओढतंय. तोंड मोठं उघडेपर्यंत थांबा आणि काळ्या भागासकट आत द्या. दुखतच राहिलं तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवा आणि पुन्हा लावा.

एका बाजूला लाल, गरम, दुखरा पट्टा आणि थंडी वाजून ताप, हे वेगळं. त्याला औषध लागतं. पण त्या बाजूने पाजणं बंद करायचं नाही, दूध साकळलं तर गळू होतं.

पायरी ६: शेक, मालिश, पट्टा

आपल्या बाळंतिणीच्या खोलीतल्या रीती मला प्रिय आहेत. माझ्या दोन्ही वेळा मालिशवाल्या मावशी आल्या आणि त्यांच्या हाताखाली मी जशी झोपले तशी त्या महिन्यात दुसऱ्या कुठेच झोपले नाही. तेव्हा सगळं सोडा असं मी म्हणणार नाही. काय ठेवायचं ते निवडा.

मालिश ठेवा. पाठ, खांदे, मांड्या, पोटऱ्या, हलक्या हाताने. पोट रगडून घेऊ नका, रगडल्याने गर्भाशय लवकर बसत नाही. सिझरनंतर जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत पोटाला तेलाचा हात नको. आणि एक पोटरी दुसरीपेक्षा सुजलेली, गरम, दुखरी असेल तर तिला मालिश अजिबात नाही, आधी डॉक्टर.

शेक ठेवा, धूर काढा. बाजेखाली शेगडी, त्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, दारं-खिडक्या बंद, अशी धुरी अजून कित्येक घरांत देतात. बंद खोलीतला निखारा कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला ना वास ना रंग, आणि नुकत्या जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं तो धूर सोसू शकत नाहीत. धुराने टाके वाळत नाहीत. कमरेला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी तेच काम करते.

पोट बांधायचं असेल तर पाठीला आधार वाटेल इतपत. श्वास घेता येत नाही इतकं आवळलं तर सगळा दाब खाली जातो, जिथे आधीच स्नायू सैल आहेत. पट्ट्याने पोट आत जात नाही, पण सिझरनंतर चालताना त्याचा आधार वाटतो.

आणि पाणी. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची रीत मात्र सोडाच. पोट सुटतं, अंगात पाणी धरतं म्हणतात आणि तांब्याभर पाण्यावर दिवस काढायला लावतात. अंगावरचं दूध, बाळंतपणानंतर येणारा रात्रीचा घाम, गेलेलं रक्त, हे सगळं भरून कुठून यायचं? बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, डोकेदुखी, यातलं बरंच तहानेचं असतं. दर पाजण्याला एक पेला, एवढा नेम धरा.

पायरी ७: खाणं आणि गोळ्या

पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. डिंकाचा लाडू, अळिवाची खीर, मेथीचा लाडू, खारीक-खोबरं, बाजरीची भाकरी, यांनी ते सहज भरतं. पण नुसतं तूप-लाडू आणि वरणभात दिला, पालेभाज्या, फळं, ताक "थंड" म्हणून बंद केलं, तर पोट साफ होत नाही आणि त्याचा भार टाक्यांवर येतो. पालक, चवळई, दुधी, पपई, पेरू, केळं, ताक सगळं चालतं. डाळ, उसळ, अंडी, मासे, जे घरात खाता ते खा. जखम भरायला प्रथिनं लागतात. डिंकाचे लाडू खाल तेव्हा पाणी दुप्पट प्या.

सरकारी कार्यक्रमात बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक लोह-फॉलिक ॲसिडची गोळी आणि तितकेच दिवस कॅल्शियमच्या दोन गोळ्या आहेत. आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास तरी जाऊ द्या. लोहावर चहाही नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के भारतीय बायका रक्तक्षयी आढळल्या. त्यात बाळंतपणात रक्त जातं. पायऱ्या चढताना दम लागतो, हातपाय गळून जातात, ते सगळंच जागरणाचं नसतं.

आशाताई घरी येतात तेव्हा फक्त बाळ दाखवू नका. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्यांच्या सहा भेटी ठरलेल्या असतात: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. स्वतःचं दुखणंही तेव्हाच सांगा.

पायरी ८: खालचे स्नायू

शिंकलं की दोन थेंब लघवी होणं पहिल्या आठवड्यांत पुष्कळ जणींना होतं. ते आयुष्यभर चालवून घ्यायचं नाही. १९४८ साली केगेल नावाच्या डॉक्टरने मांडलेला व्यायाम आजही तोच आहे. गॅस अडवताना जे आवळतो ते आवळायचं, वर ओढल्यासारखं करायचं, पाच आकडे मोजायचे, तितकाच वेळ सैल सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास चालू ठेवायचा, पोट आणि मांड्या सैल. लघवी चालू असताना करायचं नाही. लघवीची नळी (कॅथेटर) निघाल्यावर, टाके फार दुखत नसतील तर, पहिल्या काही दिवसांतच सुरू करता येतं. मी पाजताना करायचे, म्हणजे वेगळी आठवण ठेवावी लागत नव्हती. तीन महिन्यांनंतरही गळत असेल तर फिजिओथेरपिस्ट गाठा.

पोटाचे व्यायाम मात्र घाईने नकोत. उताण्या झोपून मान जरा उचला आणि बेंबीच्या वर-खाली मधोमध बोटं ठेवा. दोन बोटांपेक्षा जास्त फट आठ आठवड्यांनंतरही लागली तर आधी दाखवा, मगच पोटाचे व्यायाम. तोवर घरातल्या घरात चालणं, दर दिवशी थोडं वाढवत.

लगेच दवाखाना गाठायचा तेव्हा

हे फ्रिजवर लिहून लावा. घरातल्या सगळ्यांना माहीत हवं, कारण अशा वेळी बाळंतिणीला स्वतःला फोन करायचं सुचेलच असं नाही.

- तासाभरात एक पॅड पूर्ण भिजतोय, किंवा लिंबापेक्षा मोठ्या गाठी पडतायत.
- ताप १००.४ किंवा जास्त, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास, टाक्यांतून पू.
- असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, बरगडीखाली उजवीकडे दुखणं. गरोदरपणात रक्तदाब अगदी ठीक असला तरी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत तो चढू शकतो.
- एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं. अचानक धाप, छातीत दुखणं.
- लघवी तुंबणं.
- स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार.

१०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. उद्या सकाळी बघू, असं यातल्या कशालाही म्हणायचं नाही.

शेवटच्या मुद्द्याबद्दल थोडं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही कारण नसताना रडू येणं जवळजवळ सगळ्यांना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे राहिलं, झोपायला वेळ मिळूनही झोप येत नसेल, बाळाकडे बघून काहीच वाटत नसेल, तर ते आजारपण आहे आणि त्यावर उपचार होतात. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

बेचाळिसाव्या दिवसाची तपासणी

बाळाची लस आणि तुमची तपासणी एकाच फेरीत उरकता येते, पण तुमची राहून जाऊ देऊ नका. जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या: टाके भरले का, हिमोग्लोबिन किती, रक्तदाब किती, लघवी गळते, संबंध कधी. पाजण्यामुळे योनी कोरडी राहते आणि पहिल्यांदा दुखतं, तेही विचारा; जेल मिळतं. पाळी आली नाही म्हणून दिवस राहणार नाहीत असं नसतं, बीज पाळीच्या आधी सुटतं. तेव्हा तांबीचं किंवा दुसऱ्या साधनाचं त्याच भेटीत ठरवून या. मनगटात अंगठ्याच्या बाजूने कळ येत असेल तर ती बाळाला उचलण्याच्या पद्धतीने असते, डॉक्टरांना दाखवून पट्टा घ्या. तीन-चार महिन्यांनी केस झडतील, मूठमूठ, आणि पुन्हा येतील.

हे वाचणारं कुणी बाळंतिणीच्या घरातलं असेल, नवरा, आई, सासूबाई, नणंद, तर आज रात्रीपुरतं एवढं करा. तिच्या उशाशी हात पोचेल असा पाण्याचा तांब्या भरून ठेवा. बाळ पाजून झालं की ते तुम्ही घ्या, ढेकर तुम्ही काढा. आणि दार लोटून विचारा, तुझे टाके कसे आहेत.